पहिलं पिस्तूल विकत घेण्याआधी
(प्रस्तावना)

जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीनं ‘निर्भीक’ नावाचं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. .32 बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन जेमतेम अर्धा किलो, किंमत 1 लाख 22 हजार 360 रुपये. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर देशानं ज्या मुलीला ‘निर्भया’ म्हटलं, तिच्या नावावरून हे नाव ठेवलेलं. ‘भारतातलं खास महिलांसाठीचं पहिलं रिव्हॉल्वर’ म्हणून त्याचा गाजावाजा झाला. सोबत दागिन्यांची असते तशी मखमली पेटीही मिळायची.

त्यात बाईसाठी म्हणून नेमकं काय होतं? वजन कमी होतं, ते पर्समध्ये मावत होतं आणि पेटीला मखमल होती. तिच्या बोटाला ट्रिगर पुरतो का, मूठ हातात बसते का, सराव ती कुठे करणार, महिन्याला किती गोळ्या झाडणार, यांतलं काही त्या गाजावाज्यात नव्हतं. कानपूरच्या लोकांनी हे पहिल्यांदा केलं असंही नाही. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ‘लेडीस्मिथ’ नावाचं चिमुकलं रिव्हॉल्वर विकायला काढलं होतं. पुढे 1980 च्या दशकाच्या अखेरीस तेच नाव पुन्हा बाजारात आलं. बाईसाठी हत्यार म्हटलं की ते लहान, हलकं आणि देखणं असावं ही समजूत शंभर वर्षांहून जुनी आहे. नवख्या बाईचं सगळ्यात जास्त नुकसान याच समजुतीनं केलं आहे.

पुढची पानं या समजुतीच्या विरोधात लिहिलेली आहेत. त्यांचा गाभा थोडक्यात सांगायचा तर असा: पिस्तूल बाईसाठी किंवा पुरुषासाठी नसतं. ते एका विशिष्ट हातासाठी आणि एका विशिष्ट कामासाठी असतं. काम ठरलेलं नाही, हात मोजलेला नाही आणि दुसऱ्याच्या पिस्तुलावर हात बसलेला नाही, तोवर दुकानात जाण्यात अर्थ नाही. आणि जिला नेमबाजी शिकायची आहे तिचं पहिलं पिस्तूल दहा मीटरवर छर्रा मारणारं एअर पिस्तूलच असावं.

हे कुणासाठी लिहिलं आहे तेही सांगायला हवं. बीदर तालुक्यातलं कमठाणा, तिकडे भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण, खाली कलबुर्गीकडची गावं, पलीकडे उदगीर आणि देवणी. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी बोलणाऱ्या या पट्ट्यातल्या मुली डोळ्यांसमोर आहेत. बीदरच्या हवाई तळावरची प्रशिक्षणाची विमानं त्यांच्या डोक्यावरून रोज जातात, कॉलेजात एनसीसी असते, आणि टीव्हीवर नेमबाज मनू भाकरला पदक घेताना सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मग एखादी मुलगी घरी विचारते, “पप्पा, मला पिस्तूल शिकायचंय.” वडील गप्प होतात. आजी म्हणते, “बया, हे काय बायामाणसाचं काम हाय का?” चुलते मात्र लगेच म्हणतात, “घे की, एखादं हलकंसं बघू.” आजीला समजावता येतं. चुलत्यांचा सल्ला जास्त महागात पडतो.

या भागात बंदुकीचं नाव काढलं की म्हातारी माणसं गप्प का होतात, हे बाहेरच्या वाचकाला कळायचं नाही. सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई होईपर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, आणि त्याआधीचे काही महिने निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या दहशतीचे होते. बसवकल्याण तालुक्यातल्या गोरट्याचं हत्याकांड त्याच वर्षीचं. निजामाविरुद्धच्या लढ्यात आजच्या जालना जिल्ह्यातल्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या बायकांनी हत्यार हाती घेतलं होतं, हेही लोकांना माहीत आहे. म्हणजे इथे हत्याराची आठवण दहशतीशी किंवा लढ्याशी जोडलेली आहे. खेळाशी ती जोडलेली नाही, आणि ती तशी जोडून देणं हे या पानांचं एक काम आहे.

हँडगन, म्हणजे एका हातात धरायचं हत्यार, बाईच्या हाती येण्याच्या या भागात तीन वाटा आहेत. तिन्ही वेगवेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की निवड चुकते.

पहिली वाट वारशाची. पाटलाच्या, देशमुखाच्या, जुन्या व्यापाऱ्याच्या घरात सासऱ्यांच्या नावावर एखादं रिव्हॉल्वर असतं. सासरे गेले की ते पोलीस ठाण्यात जमा होतं आणि प्रश्न उभा राहतो, आता ते कुणाच्या नावावर करायचं? 2016 च्या शस्त्र नियमांनुसार वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असून सत्तरी गाठलेला असेल तरीही अर्ज करता येतो. अशा वेळी मुलाकडे आधीच एक हत्यार असेल तर सुनेचं किंवा मुलीचं नाव पुढे केलं जातं. कागदावर ती मालकीण होते, किल्ली मात्र दुसऱ्याच्या खिशात राहते. अशा बाईनं एवढंच लक्षात ठेवावं की ज्याच्या नावावर परवाना, त्याच्यावर जबाबदारी. हत्यार कुणी लग्नाच्या वरातीत हवेत उडवलं तर शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि मालकिणीच्या परवान्याची चौकशी होते ती वेगळीच. वापरायचं नसेल तर ‘नको’ म्हणायचा तिला पूर्ण अधिकार आहे.

दुसरी वाट भीतीची. शेतातल्या वस्तीवर राहणं, रात्रीचा प्रवास, एकटीचं दुकान. ही भीती खोटी नाही आणि तिची चेष्टा करण्याचा कुणाला हक्क नाही. पण रिव्हॉल्वर हे तिच्यावरचं उत्तर आहे का, हे थंड डोक्यानं पाहावं लागतं. 6 फेब्रुवारी 1932 ला कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दास या तरुण क्रांतिकारक मुलीनं बंगालचा गव्हर्नर स्टॅन्ली जॅक्सन याच्यावर भर सभागृहात, समोरासमोर, लागोपाठ गोळ्या झाडल्या. जॅक्सनला एकही लागली नाही. तिच्या धैर्याबद्दल शंका घ्यायला जागाच नाही. हातात रिव्हॉल्वर असणं आणि गोळी हव्या त्या जागी जाणं यांच्यामध्ये सरावाची वर्षं असतात, एवढंच त्या प्रसंगातून घ्यायचं.

त्यात हलक्या हत्याराची अडचण आणखी वेगळी. तीच गोळी कमी वजनाच्या रिव्हॉल्वरमधून सुटली की हाताला बसणारा झटका वाढतो. ट्रिगर एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा असेल तर बोटाला चार-पाच किलोंच्या घरातला जोर लावावा लागतो. खेळाच्या एअर पिस्तुलाला अर्धा किलो पुरतो. नवखी मुलगी झटक्याला घाबरते, गोळी सुटायच्या आतच मनगट आवळते, डोळे मिटते, आणि ही खोड एकदा लागली की काढायला महिने जातात. म्हणजे ‘बाईला झेपेल’ म्हणून घेतलेलं हलकं रिव्हॉल्वर शिकण्यासाठी सगळ्यात अवघड ठरतं.

कायद्याची बाजूही इथेच सांगून टाकू. 9 मिमीसारखे बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, राहतात ते मुख्यतः .32 आणि .22. त्यासाठी वय किमान 21 लागतं. 21 खालच्या नेमबाजांसाठी देखरेखीखालच्या सरावापुरती वेगळी तरतूद आहे. अर्ज बीदरला डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात, कलबुर्गी शहरात पोलीस आयुक्तांकडे. पोलिसांची चौकशी, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणि ते घरात कुलपात ठेवायची सोय, हे सगळं लागतं. 2019 पासून परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आणि साधारण परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. निवडणूक लागली की हत्यार ठाण्यात जमा करायचा आदेश निघू शकतो. इतकं करून जे कपाटात ठेवायचं, ते अडीअडचणीच्या क्षणी हाताशी असेलच असं नाही, आणि घरात लहान मुलं असतील तर ते कपाट हाच एक धोका आहे. या वाटेनं जाऊ पाहणाऱ्या बाईनं आधी एक वर्ष रेंजवर घालवावं. वर्षानंतरही गरज वाटली तर निर्णय तिचा.

तिसरी वाट खेळाची. खरी ओळख करून द्यायची आहे ती हिची, आणि या वाटेवर मराठी मुली फार पुढे गेलेल्या आहेत.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं 2010 मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेतेपद मिळवलं. नेमबाजीत विश्वविजेती ठरलेली ती पहिली भारतीय महिला. तिच्यामुळे त्या शहरातल्या शाळकरी मुलींना हा खेळ त्याआधीच दिसला होता. त्यांतली राही सरनोबत रायफलीकडे न जाता पिस्तुलाकडे वळली. 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण पुण्याच्या अनिसा सय्यदला आणि रौप्य राहीला मिळालं. जोडीच्या प्रकारात दोघींनी मिळून सुवर्ण घेतलं. चार वर्षांनी ग्लासगोला क्रम उलटला, राही पहिली आणि अनिसा दुसरी. 2013 मध्ये कोरियातल्या चँगवॉनला राहीनं विश्वचषकाचं सुवर्ण जिंकलं. पुढे कोपराच्या दुखापतीनं तिला बराच काळ बाहेर ठेवलं. त्यातून उठून 22 ऑगस्ट 2018 ला आशियाई स्पर्धेत पालेमबांगला ती थायलंडच्या नेमबाजाबरोबर 34 गुणांवर बरोबरीत आली. पहिल्या शूट-ऑफमध्ये पुन्हा बरोबरी, 4-4. दुसऱ्यात 3-2. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला.

या यादीत कोपराची दुखापत मुद्दाम घातली आहे. एअर पिस्तूल साधारण किलोभर वजनाचं असतं. ते एका हातात, सरळ ताणलेल्या बाहूनं, दुसऱ्या हाताचा कसलाही आधार न घेता धरायचं असतं. 2018 पासून महिलांनाही पुरुषांइतकेच साठ शॉट असतात आणि त्यासाठी 75 मिनिटं. आधीची सरावाची पंधरा मिनिटं वेगळी. दरवेळी पहिलाच नेम पटत नाही, हात खाली आणून पुन्हा उचलावा लागतो, म्हणजे उचलणं साठाहून कितीतरी जास्त वेळा. हा भार खांद्यावर, कोपरावर आणि मनगटावर येतो. म्हणून पिस्तूल घेण्याआधीचा पहिला व्यायाम अगदी फुकट आहे. पाण्यानं भरलेली एक लिटरची बाटली घ्यायची, बाहू सरळ करून खांद्याच्या रेषेत आणायची, दहा-पंधरा सेकंद धरायची आणि सावकाश खाली न्यायची. महिनाभर हे केल्यावर खांदा काय म्हणतो ते पाहून पुढचं ठरवावं.

आता हाताकडे येऊ. निवडीचा सगळा मामला इथे आहे.

खेळाच्या पिस्तुलाची मूठ लाकडी असते, बहुधा अक्रोडाची, आणि ती उजव्या-डाव्या हातासाठी वेगळी, लहान-मध्यम-मोठ्या मापात येते. दुकानदार पिस्तूल दाखवताना नळी दाखवतो, कंपनी सांगतो, चकाकी दाखवतो. पाहणारीनं मूठ पाहावी. डाव्या हातानं पिस्तूल धरून उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी मुठीच्या मागच्या वरच्या खोबणीत घट्ट बसवायची. मग मधलं बोट ट्रिगरच्या कडीखाली चिकटवायचं, बाकीची दोन त्याच्याखाली. अंगठा सैल. आता तर्जनी ट्रिगरवर ठेवायची. तिच्या पहिल्या पेराचा मांसल मध्य ट्रिगरवर सरळ टेकला पाहिजे, आणि बोटाच्या मुळाकडचा भाग व लाकूड यांच्यामध्ये बारीकशी फट दिसली पाहिजे. फट नसेल तर ट्रिगर ओढताना बोट लाकडालाही ढकलतं आणि नेम बाजूला सरकतो. ट्रिगर लांब असेल तर बोट पुरवण्यासाठी हात मुठीवर फिरतो, मनगट तिरकं होतं आणि नळी हाताच्या रेषेत राहत नाही. चांगल्या पिस्तुलात ट्रिगर पुढे-मागे सरकवता येतो. तो सगळा मागे घेऊनही बोट पुरत नसेल तर मूठ मोठी आहे. मग ती कितीही नावाजलेल्या कंपनीची असो, ते पिस्तूल आपलं नाही.

नवखीला हे डोळ्यांनी कळत नाही. त्यासाठी सोपी युक्ती म्हणजे मुठीला खडूची पूड चोळून पिस्तूल धरायचं आणि सोडायचं. तळहातावर जिथे पांढरं उमटलं नाही तिथे मूठ टेकत नाही. तिथे लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात, जिथे जास्त दाबलं जातं तिथे कानशीनं घासतात. मोठ्या नेमबाजांच्या मुठी पाहिल्या तर लांबीचे थर आणि घासल्याच्या खुणा दिसतात. लहान हाताच्या मुलीनं लहान पिस्तूल शोधायचं नसतं, लहान मूठ शोधायची असते. नियम सगळ्यांना एकच: 4.5 मिमीचं एअर पिस्तूल 1500 ग्रॅमपर्यंत, ट्रिगरचा जोर किमान 500 ग्रॅम.

मूठ एवढी महत्त्वाची का, ते हिशेबानं पटतं. नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांच्यात साधारण 32 सेंटिमीटर अंतर असतं. माशी खाचेच्या मधून एकच मिलिमीटर सरकली तर दहा मीटरवर छर्रा तीन सेंटिमीटर हुकतो. निशाणावरचं दहाचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं आहे. म्हणजे एका मिलिमीटरच्या चुकीनं दहाचा शॉट सातावर जातो. हातात मूठ दरवेळी त्याच जागी बसली नाही तर ही चूक दरवेळी वेगळी होते, आणि मुलीला वाटतं आपला हातच वाईट.

डोळ्याचंही पाहून घ्यावं. दोन्ही हात लांब करून तळव्यांची लहानशी खिडकी करा, तिच्यातून लांबचा खांब पाहा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला खांब खिडकीतच दिसत राहतो तो आपला प्रमुख डोळा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रमुख निघाला तर घाबरायचं कारण नाही, मान आणि उभं राहणं थोडं बदलतं. पण हे पिस्तूल घ्यायच्या आधी कळलेलं बरं, कारण हात बदलायचं ठरलं तर डाव्या हाताची मूठ वेगळी मागवावी लागते.

मग कोणतं घ्यावं? श्टायर, वॉल्थर, मोरिनी, फाइनवेर्कबाऊ, पार्दिनी ही ऑस्ट्रिया, जर्मनी, स्वित्झर्लंड, इटलीकडची नावं रेंजवर ऐकू येतील. वरच्या दर्जाची ही सगळी पिस्तुलं नवखीच्या हातापेक्षा कितीतरी अचूक आहेत, तेव्हा त्यांच्यात ‘सगळ्यात अचूक कोणतं’ हा वाद निरर्थक आहे. पाहायचं ते वेगळंच. मूठ आपल्या मापात मिळते का? दुरुस्ती करणारा माणूस हैदराबाद-पुण्यापर्यंत कुठे आहे का? वॉशर, सील, सुटे भाग मिळतात का? 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत मनू भाकरच्या पिस्तुलाचा एक भाग ऐन स्पर्धेत तुटला, दुरुस्तीत बहुमोल मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. ऑलिंपिकला हत्यार बघणारे लोक हाताशी असताना हे होतं, तर बीदरहून दीडशे किलोमीटरवरच्या दुरुस्तीचा विचार आधी करायलाच हवा. तीच मनू 2024 मध्ये पॅरिसला एअर पिस्तुलात वैयक्तिक आणि मिश्र सांघिक अशी दोन कांस्यपदकं घेऊन आली.

नवं चांगलं पिस्तूल लाख-दीड लाखाच्या पुढे जातं, म्हणून बहुतेक जणी जुनं घेतात. त्यात गैर काही नाही. फक्त हवेची टाकी पाहायची. या पिस्तुलांत नळीखाली दोनशे बारपर्यंत दाबाची हवा भरलेली टाकी असते. तिच्यावर तारीख कोरलेली असते आणि बहुतेक कंपन्या तिला दहा वर्षांचं आयुष्य देतात. तारीख उलटलेली असेल तर नव्या टाकीचे पैसे किमतीतून वजा करून मागावेत. टाकी पूर्ण भरून द्या असं सांगून दुसऱ्या दिवशी दाबाचा काटा पाहावा. उतरला असेल तर सील गेलेलं आहे. मुठीवर लांबी भरलेली दिसली तर ती दुसऱ्याच्या हाताची मूठ आहे हे ओळखावं.

या एअर पिस्तुलाची एक मोठी सोय अशी की, 2016 च्या नियमांनुसार .177 बोअरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या हवाई शस्त्राला परवाना लागत नाही, आणि खेळाचं पिस्तूल सहा-सात ज्यूलच्या आसपास असतं. पावती आणि ओळखपत्राची प्रत पिस्तुलाच्या पेटीतच ठेवावी. बसमध्ये, नाक्यावर विचारलं तर उत्तर तयार असावं. परवाना लागत नाही म्हणून ते खेळणं होत नाही. छर्र्यानं डोळा जातो. नळी नेहमी निशाणाकडे, बोट ट्रिगरबाहेर आणि पिस्तूल भरलेलंच आहे असं धरून चालायचं, हे तीन नियम पहिल्या दिवसापासून.

जागेचाही बाऊ करू नये. कमठाण्यासारख्या गावात रेंज नसली तरी दहा मीटर म्हणजे एखाद्या गोदामाची लांबी. मागे भक्कम भिंत, छर्रे अडवणारी लोखंडी पेटी, निशाणाचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर, नेमबाजाच्या मागे एकच दार आणि सराव चालू असताना पुढच्या बाजूला कुणीही नाही, एवढं जमलं तर शिकायला पुरतं. शिवाय निम्मा सराव छर्र्याविनाच होतो. कोऱ्या पांढऱ्या भिंतीकडे पाहून, माशी खाचेत ठेवून, ट्रिगर हळूच दाबायचा आणि माशी हलली का ते पाहायचं. या कोऱ्या सरावाला पैसे लागत नाहीत, आणि महागड्या छर्र्यांच्या डब्यापेक्षा तो जास्त शिकवतो. मन कसं आवरायचं हा प्रश्न मग उभा राहतोच. त्यासाठी नाशिकचे भीष्मराज बाम यांचं ‘विजयाचे मानसशास्त्र’ जरूर वाचावं. बाम पोलीस अधिकारी होते, स्वतः नेमबाज होते आणि पुढे खेळाडूंच्या मनाचे जाणकार म्हणून देशभर ओळखले गेले.

पोशाखाबद्दल मुली विचारायला लाजतात, म्हणून इथेच लिहिते. ज्या हातात पिस्तूल, त्या हातात बांगड्या, कडं, घड्याळ, गंडा, काहीही चालत नाही. मनगटाला आधार मिळू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमच तसा आहे. सवाष्णीनं एका हातातल्या बांगड्या उतरवायच्या म्हणजे घरात बोलणी होतात, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या हातात हव्या तेवढ्या घाला. बूट घोट्याच्या खालचे हवेत. ओढणी आणि मोकळे केस ट्रिगरजवळ येऊ नयेत. बाकी सलवार-कमीज असो की ट्रॅकपँट, नेमाला फरक पडत नाही.

पुढचा जिना माहीत असावा. जिल्हा, राज्य, मग अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा आणि राष्ट्रीय स्पर्धा. ज्यांच्या नावानं ही स्पर्धा आहे ते गणेश वासुदेव मावळंकर लोकसभेचे पहिले अध्यक्ष आणि राष्ट्रीय रायफल असोसिएशनचेही पहिले अध्यक्ष. घराणं मूळ रत्नागिरीकडचं. कर्नाटकात राहणाऱ्या मुलीनं कर्नाटकाच्या संघटनेतून खेळायचं असतं. अर्ज कन्नडमध्ये आला तर शाळेतलं कन्नड कामी येतं. पंचवीस मीटरचं .22 पिस्तूल हा त्यानंतरचा टप्पा आहे. त्याला परवान्याचा किंवा क्लबचा रस्ता लागतो, आणि तिथे पोचेपर्यंत कोणतं घ्यावं हे मुलीला स्वतःलाच कळू लागलेलं असतं.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलगी दहावीत पहिली आली म्हणून, वाढदिवस आहे म्हणून, किंवा पदकाच्या बातमीनं भारावून जाऊन पिस्तूल आणू नका. तिला हैदराबादच्या, पुण्याच्या, सोलापूरच्या, जिथे ओळख असेल तिथल्या रेंजवर न्या. रेंजचं पिस्तूल धरू द्या, तीन-चार वेगवेगळ्या मुठी धरू द्या. सहा महिने तिला भाड्याच्या किंवा क्लबच्या पिस्तुलावर खेळू द्या. सहा महिन्यांनी ती स्वतः सांगेल की ह्याची मूठ मोठी आहे, त्याचा ट्रिगर मागे येत नाही, ह्याचं वजन पुढे जातंय. जी मुलगी अशी तक्रार करू शकते, तिच्यासाठी पैसे खर्च करायला हरकत नाही. आणि सहा महिन्यांत तिचं मन उडालं, तर घराचे लाख-दीड लाख वाचले आणि मुलीच्या डोक्यावर न खेळलेल्या पिस्तुलाचं ओझंही राहिलं नाही.